केसभर तिरकं

३ मार्च, सोमवार

माझ्या टेबलाचा मागचा डावा पाय आखूड आहे. आजवर मी हे कुणापुढे बोलले नव्हते, घरातलं दुखणं चव्हाट्यावर मांडू नये म्हणून. गेली सहा वर्षं त्या पायाखाली कागदाची एक जाडजूड घडी होती आणि तिच्या जिवावर मी हवाई वाहतुकीची सेवा करत होते. आज येऊन बघते तर घडी गायब. सफाईचं कंत्राट बदललं, नव्या मावशी आल्या आणि त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या कारकिर्दीचा पाया झाडून नेला. आता मी काना काढते आणि टेबल त्याची वेलांटी करतं. चहा कपात कमी, बशीत जास्त. पूल पडला तर त्याच्यावर समिती बसते. माझ्या टेबलावर कोण बसणार? बसलं तर तेही हलेल.

उस्तादांकडून बारीक स्क्रू ड्रायव्हर मागून आणला. लाल मुठीचा, मुठीला काळा दोरा गुंडाळलेला.

"बाई, पाय आखूड आहे. स्क्रू आवळून तो लांब होणार नाही," ते म्हणाले. दिला मात्र लगेच.

स्क्रू आवळले. टेबल आता पूर्वीपेक्षा ठामपणे हलतं. स्क्रू ड्रायव्हर ड्रॉवरमध्ये ठेवला, उद्या परत करीन.

उस्ताद म्हणजे आमच्या हँगरमधले सगळ्यात जुने इंजिनिअर, एकतीस वर्षांचा परवाना असलेले. विमानाचा कुठलाही स्क्रू फिरवला की कुणी, कधी, का फिरवला याचा कागद तयार होतो. ते कागद सांभाळणारी ती मी, म्हणजे रेकॉर्ड विभाग. विभागात माणसं एक. कंपनीचं विमानही एकच. त्याला आम्ही सगळे 'म्हातारं' म्हणतो. आठवड्यातून तीनदा ते समोरच्या बेटावर जाऊन येतं. कुरकुरतं, पण जातं.

६ मार्च, गुरुवार

नव्या साहेबांचं परिपत्रक: प्रत्येक विभागाने आपल्याकडच्या कालबाह्य गोष्टी लेखी कळवाव्यात. माझ्या नवऱ्याचं नाव लिहिणार होते, पण तो कंपनीच्या मालमत्तेत येत नाही. मग हे लिहिलं:

"आमच्या विभागात एक संगणक आहे. तो आपल्या वैमानिकापेक्षा वयाने मोठा आहे. विमानाला वाटा, डोंगर आणि धावपट्ट्या कुठे आहेत हे दर अठ्ठावीस दिवसांनी नव्याने सांगावं लागतं. ती माहिती या संगणकातून आठ फ्लॉप्यांवर उतरवून, फ्लॉप्या डब्यात घालून, डबा छातीशी धरून विमानात नेतात. फ्लॉपी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी आपल्या आईला विचारावं. माहिती उतरत असताना उस्ताद संगणकासमोर बसतात, त्याची खडखड कान देऊन ऐकतात आणि मान डोलावतात. हे देखभालीत मोडतं की भक्तीत, याचा खुलासा व्हावा."

नवऱ्याला वाचून दाखवलं. तो गुडघा शेकत होता, हसताना पिशवी खाली पडली. "तुझ्या जिभेला हाड नाही," म्हणाला. वीस वर्षं हीच तारीफ ऐकतेय, अजून गोड लागते.

१० मार्च, सोमवार

साहेबांनी माझं पत्र सभेत मोठ्याने वाचलं. 'भक्तीत'वर हँगर दणाणला. उस्तादही हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. साहेब म्हणाले, "मॅडमनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंय. विमानातली यंत्रणा बदलायची तर विमानाच्या किमतीहून जास्त खर्च येतो. पण इकडचा संगणक तरी बदलू. याच आठवड्यात."

सभेनंतर उस्ताद टेबलाशी आले. "बाई, त्या संगणकातला फ्लॉपीचा ड्राइव्ह काढून चालणार नाही. त्याच्याबद्दल तुमच्याकडे कागद असेल बघा."

"उस्ताद, माझ्याकडे कागदच असतात. दागिने असते तर इथे कशाला बसले असते?"

ते थोडा वेळ उभे राहिले. खाली मान घालून, नेहमीसारखे. मग म्हणाले, "बघा तरी," आणि गेले.

बघितलं. फायलीत काही नाही. जुनी माणसं जुन्या यंत्रांना लेकरांसारखी धरून बसतात. स्क्रू ड्रायव्हर द्यायचा पुन्हा राहिला.

१२ मार्च, बुधवार

जुना संगणक आज भंगारात गेला. साहेबांनी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. उस्तादांनाही बोलावलं होतं, पण ते पंख्याच्या दुरुस्तीत अडकले होते म्हणे. पंखा चालू होता.

नवा संगणक लहानसा आहे आणि त्याला बाहेरून जोडायचा कोरा फ्लॉपी ड्राइव्ह. काहीच खडखडत नाही. खोली एकदम परक्याची वाटते. टेबल मात्र आपलं आहे.

१८ मार्च, मंगळवार

आज नवी माहिती भरायची होती. जुनीची मुदत परवा, वीस तारखेला संपते. नव्या ड्राइव्हवर आठ फ्लॉप्या केल्या, एकही तक्रार नाही. साहेबांनी घड्याळ लावून पाहिलं: पूर्वीच्या निम्म्या वेळात.

उस्ताद डबा घेऊन विमानात गेले. पाच मिनिटांनी खाली आले. पहिलीच फ्लॉपी म्हातारं वाचत नाही. नवीन केली. नाही. दुसऱ्या खोक्यातली घेतली. नाही. संध्याकाळपर्यंत बावीस केल्या. म्हातारं प्रत्येकीला तेच उत्तर देतं: वाचता येत नाही.

शेवटी उस्तादांनी साहेबांना सगळं सांगितलं. मी तिथेच होते. ड्राइव्हमध्ये वाचणारं एक डोकं असतं, ते ठरलेल्या रेघांवरून फिरतं. विमानातल्या ड्राइव्हचं डोकं सहा वर्षांपूर्वी केसभर सरकलं. तो भाग आता कुठेच बनत नाही आणि आतलं हलवायला गेलं तर तुटायची भीती. म्हणून उस्तादांनी ऑफिसातल्या ड्राइव्हचं डोकंही मुद्दाम तेवढंच सरकवलं. एक तिरकं लिहायचा, दुसरा तिरकं वाचायचा. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. इथे अंगण खरंच वाकडं होतं आणि उस्ताद सहा वर्षं त्यावर नाचत होते.

"म्हणजे विमानाला चुकीची माहिती जात होती?" साहेबांचा चेहरा पांढरा.

"नाही साहेब. प्रत्येक अक्षराची पडताळणी होते. वाचलं तर बरोबरच वाचतं, नाहीतर वाचतच नाही."

"आणि हे तुम्ही कुणाच्या परवानगीने केलंत? नोंद कुठे आहे?"

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी फोन उचलला.

जुना ड्राइव्ह भंगारवाल्याकडे नाही. गेल्या आठवड्यातच दाबून त्याची वीट झाली.

२० मार्च, गुरुवार

मुदत संपली. म्हातारं हँगरमध्ये उभं आहे. उस्तादांना कामावरून थांबवलं. विनापरवानगी, विनानोंद फेरफार. मंगळवारी चौकशी. दोष सिद्ध झाला तर परवाना रद्द. एकतीस वर्षांचा. तो गेला तर या माणसाला सायकलचं पंक्चर काढायलाही कुणी बोलावणार नाही.

सकाळी बेटावरच्या दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन. बेटावर मूत्रपिंडाचे चार रुग्ण आहेत. रक्त शुद्ध करून घ्यायला ते आठवड्यातून तीनदा आमच्या विमानाने इकडे येतात. बोटीने अकरा तास लागतात.

"आज?" तिने विचारलं.

"आज नाही."

"बरं," ती म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं. चिडली असती तर मला उत्तर सुचलं असतं.

२१ मार्च, शुक्रवार

दुपारी टेबलाने कप खाली ढकलला. मी मावशींवर घसरले. "पायाखाली घडी होती. झाडताना दिसली नाही का?"

"दिसली की. कागद होता, लिहिलेला. लिहिलेलं मी टाकत नाही. कपाटावर ठेवलाय तुमच्या."

"का टाकत नाही?"

"मला वाचता येत नाही म्हणून. ज्याला येतं त्याने टाकावं."

कपाटावर हात फिरवला. धूळ, मेलेला कोळी आणि घडी. आठ घड्या, मधोमध टेबलाच्या पायाचा गोल ठसा. उघडली.

उस्तादांचं अक्षर. सहा वर्षांपूर्वीची तारीख. विमानातला ड्राइव्ह किती सरकलाय, भाग का मिळत नाही, ऑफिसातला किती सरकवला: "घड्याळाच्या उलट दिशेने, व्हिजिटिंग कार्डाच्या निम्म्या जाडीएवढा." शेवटी: "कृपया नोंद करून परवानगीसाठी वर पाठवावे." खाली कोपऱ्यात, हिरव्या शाईत, "मिळाले". त्याखाली सही.

हिरवी शाई हँगरमध्ये एकच माणूस वापरतो. मला ती रुबाबदार वाटते.

कागद पर्समध्ये ठेवला.

२२ मार्च, शनिवार

आठवायचा प्रयत्न केला. टेबल तेव्हा नवं आलं होतं. पहिल्याच दिवशी हललं असेल, हाताशी जो कागद होता तो घडी करून खाली सारला असेल, 'नंतर काढू' म्हणून. मला यातलं काहीच आठवत नाही. सहीसुद्धा. पण सही माझी आहे.

२३ मार्च, रविवार

काही घडलं नाही. कपडे धुतले. कागद पर्समध्ये आहे.

सगळा दोष माझाच का? साहेबांनी एवढी घाई केली नसती तर? आणि तोंडी स्पष्ट सांगायला उस्तादांना काय झालं होतं? 'कागद असेल बघा' हे काय सांगणं झालं? हे मुद्दे मला पटतात. लिहून काढल्यावर जरा कमी पटतात.

२५ मार्च, मंगळवार

चौकशी. साहेब आणि वरच्या कार्यालयातून आलेल्या निरीक्षक बाई. मला मध्येच बोलावलं.

"या फेरफाराची तुमच्या रेकॉर्डमध्ये नोंद आहे?" निरीक्षक बाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. अक्षरशः खरं. रेकॉर्डमध्ये नाही, पर्समध्ये आहे. पर्स मांडीवर होती.

त्यांनी उस्तादांना विचारलं, "तुम्ही कुणाला लेखी कळवलं होतं?"

उस्ताद समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होते. म्हणाले, "आता आठवत नाही."

वय झालं, दुसरं काय. सहा वर्षांपूर्वीचा एक कागद कुठे लक्षात राहणार? मला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याची लगेच शिसारीही आली. निकाल आठवड्याभरात.

बाहेर पडताना ते भेटले. घरचे कपडे घातलेले, त्यामुळे एकदम लहान दिसले. तेच म्हणाले, "बाई, टेबल अजून हलतं का हो?"

"हलतं," मी म्हणाले.

या वेळी हे विचारायचं! खरंच थकलेत बिचारे.

२६ मार्च, बुधवार

सिस्टरचा फोन आला. तिने आज "आज?" विचारलं नाही. म्हणाली, "बोटीने तिघेच गेले. दीपगृहवाले काका नको म्हणाले. गेल्या खेपेला येताना समुद्र खवळला होता, फार उलट्या झाल्या. म्हणाले, विमान सुरू झालं की बघू. कधी होईल?"

"प्रयत्न चालू आहेत," मी म्हणाले. कोण करतंय, ते सांगितलं नाही.

घरी नवऱ्याला किल्ली हवी होती, त्याने पर्स उघडली. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा कागद त्याच्या हातात होता, चष्मा कपाळावर.

"किती दिवस झाले?"

"शुक्रवारपासून."

तो हसला नाही. मी एक विनोद तयार ठेवला होता, तो तोंडातच राहिला.

"एक तर टाकून दे, नाहीतर देऊन टाक," तो म्हणाला. "पर्समध्ये ठेवून उबवणार आहेस का?"

"टाकवत नाही. लिहिलेलं आहे."

"मग झालं तर."

२७ मार्च, गुरुवार

सकाळी आधी कागदाला आवक क्रमांक दिला. नोंदवहीत लिहिलं: सहा वर्षांपूर्वी मिळाला, आज नोंदवला, विलंबास मी जबाबदार. निळ्या शाईत. एक प्रत निरीक्षक बाईंना पाठवली आणि मग मूळ कागद घेऊन साहेबांकडे गेले.

त्यांनी दोनदा वाचला. "हा कुणी कुणी पाहिलाय?"

"मी, माझा नवरा आणि सफाईच्या मावशी. मावशींना वाचता येत नाही."

"मग बसा जरा." त्यांनी दार लावलं. "यात माप दिलंच आहे. उस्तादांना गुपचूप बोलावू, नवा ड्राइव्ह तेवढाच तिरका करून घेऊ. विमान उडेल, परवान्याचंही मी बघतो. तुम्हीही सुटाल. फक्त लेखी काही नको."

वाईट माणूस नाही. मी रविवारभर जे शोधत होते ते त्याने एका मिनिटात शोधलं.

"साहेब, क्रमांक पडलाय. प्रत गेलीये."

त्यांनी कागद उलटा करून मागचा गोल ठसा पाहिला. "हा डाग कसला?"

मी सांगितलं. एवढा चांगला विनोद मी आयुष्यात केला नसेल. कुणी हसलं नाही.

२९ मार्च, शनिवार

निरीक्षक बाईंनी तात्पुरती लेखी परवानगी दिली, त्यांच्या डोळ्यांदेखत काम व्हावं या अटीवर. उस्ताद आले. नवा ड्राइव्ह उघडला. मी टॉर्च धरला. त्यांनी खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढलं, ब्लेडने मधोमध चिरून जाडी निम्मी केली. हँगरच्या पेटीतला स्क्रू ड्रायव्हर घेतला, मुठीत फिरवून पाहिला. "हाताला बसत नाही," पुटपुटले. स्क्रू सैल, कार्डाचा तुकडा आत, डोकं फिरवणारी मोटर तेवढी ढकलली, स्क्रू घट्ट. एवढंच. जीव टांगणीला लागला होता तो या एवढ्यासाठी.

आठही फ्लॉप्या म्हाताऱ्याने वाचल्या. एकेकीला पाच मिनिटं. उस्ताद विमानात कान देऊन बसले होते, आठवीला मान डोलावली. मी खाली बघितलं.

दुपारच्या फेरीची प्रवाशांची यादी सहीसाठी आली. बेटावरून इकडे येणारे रुग्ण: तीन.

चौथे बोटीने आधीच आले असतील. किंवा तब्येत सुधारली असेल. सिस्टरला फोन करता आला असता. केला नाही. शुक्रवार ते गुरुवार म्हणजे किती दिवस, हे मला बोटांवर मोजावं लागत नाही.

संध्याकाळी पेन शोधताना ड्रॉवर उघडला. लाल मूठ. काळा दोरा. सकाळी त्यांना हाताला न बसणाऱ्या स्क्रू ड्रायव्हरने काम करावं लागलं आणि त्यांचा इथे, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता.

४ एप्रिल, शुक्रवार

निकाल: उस्ताद निर्दोष, सोमवारपासून कामावर घ्यावं. मला रेकॉर्डमधून काढून भांडारात टाकलंय, नटबोल्ट मोजायला. आदेशाची भाषा कोरडी आहे. एकही शब्द जास्त नाही, एकही चूक नाही. असं लिहायला मला कधी जमलं नाही. म्हातारं वर्षाअखेर मोडीत निघणार.

उस्तादांनी राजीनामा पाठवला, म्हणून ऑफिस सुटल्यावर त्यांच्या घरी गेले. जिन्याशेजारची खोली. दारात बायको. "या," म्हणाल्या, "बसा," म्हणाल्या नाहीत. उस्तादांनीच खुर्ची पुढे केली.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "कागद कुठे आहे ते."

"सहीसाठी तुमच्या टेबलाशी उभा असायचो ना. मला खाली बघायची सवय, स्क्रू पडतात म्हणून."

"सहा वर्षं? मग बोलला का नाहीत?"

"पहिल्यांदा वाटलं, काढाल. मग वाटलं, विचारलं तर तुम्ही काहीतरी बोलाल आणि सगळे हसतील." मग म्हणाले, "आणि टेबल हलत नव्हतं ना."

"आणि चौकशीत?"

त्यांनी हात झटकला, माशी उडवल्यासारखा. "सोमवारी येणार नाही मी. तिरकं काम एकदा लपून केलं, एकदा उजळ माथ्याने. झालं. दीपगृहवाल्यांना मी ओळखत होतो, बाई."

'होतो' म्हणाले. मी पुढे विचारलं नाही.

"चहा सांगतो," म्हणून ते आत गेले. आत बायको हलक्या आवाजात काहीतरी बोलल्या, ते हलक्या आवाजात "असू दे गं" म्हणाले.

भिंतीशी त्यांची अवजारांची कापडी गुंडाळी उघडी पडली होती. एकेका अवजाराला एकेक शिवलेला कप्पा, लहानापासून मोठ्यापर्यंत. डावीकडून तिसरा रिकामा. मी पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला, मुठीवरचा दोरा सुटला होता तो नीट गुंडाळला, आणि तिसऱ्या कप्प्यात सरकवला.

चहा येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसले.